बॅच निर्जंतुक, तरी एन्डोटॉक्सिनला नापास: मेलेल्या जिवाणूच्या भिंतीत असं काय असतं?

शर्वरी_क्यूसी

नमस्कार. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून सध्या वाळूजला एका इंजेक्शनच्या प्लांटमध्ये क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. प्रश्न कामातूनच आलाय, पण त्याचं उत्तर एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) नाही, म्हणून इथे विचारते.

आमची एक बॅच अडकली आहे. स्टेरिलिटीच्या (निर्जंतुकतेच्या) चाचणीचे १४ दिवस पूर्ण झाले, दोन्ही माध्यमं स्वच्छ, कणभर गढूळपणा नाही. स्टेरिलायझेशनआधीचा बायोबर्डनही (द्रावणातल्या जिवंत जंतूंची संख्या) मर्यादेत होता. बीईटीला, म्हणजे एन्डोटॉक्सिनच्या (ग्रॅम निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या भिंतीतल्या एलपीएस या घटकाच्या) चाचणीला मात्र नापास. आमच्याकडे जेल क्लॉट लावतात, म्हणजे एन्डोटॉक्सिन असेल तर नळीत जेल होते. तासाभरानं नळी वॉटर बाथमधून धक्का न लावता काढली, सावकाश उलटी केली, तर जेल तळाला घट्ट. शेजारची निगेटिव्ह कंट्रोलची नळी उलटी केल्याबरोबर पातळ द्रव ओघळला. म्हणजे चाचणीत घोळ नाही. पुन्हा लावली, पुन्हा तेच. ओओएस (निकाल मर्यादेबाहेर गेल्याची नोंद) उघडलाय, चौकशी चालू आहे.

सिनियर म्हणाले, "ग्रॅम निगेटिव्ह कधीतरी येऊन गेला आणि भिंत मागे सोडून गेला." तेवढं समजलं. पण १२१ अंशांच्या वाफेत जिवाणू मरतो आणि भिंतीचा तुकडा टिकतो, हे कसं? आणि तो तुकडा वाढत नाही, काही तयार करत नाही, तरी शरीर त्याच्यावर एवढं का उखडतं? पुस्तकात "लिपिड ए विषारी असतं" या एका वाक्यावर विषय संपतो. (लिपिड ए म्हणजे एलपीएसचं चरबीचं टोक.) ते रक्तात जाऊन नेमकं करतं काय? शिवाय ग्रॅम पॉझिटिव्ह या दुसऱ्या गटातल्या जिवाणूंना एलपीएस नसतंच, मग त्यांचे मेलेले अवशेष औषधात चालतात का?

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मेलेला जंतू काय वाकडं करणार आहे?" तिला मला नीट समजावून सांगता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

जुना_प्लांटवाला

शर्वरी, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. निवृत्त होईपर्यंत माझं सगळं काम इंजेक्शनच्या पाण्याचंच होतं, आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, मग गोव्यात वेर्ण्याला.

वाफ जिवाणूला मारते ती त्याची प्रथिनं बिघडवून. एलपीएस हे प्रथिन नाहीच. त्याच्या एका टोकाला चरबी, दुसऱ्या टोकाला साखरेची साखळी. ऑटोक्लेव्हमध्ये ते जवळजवळ जसंच्या तसं राहतं. उलट पेशी फुटली की भिंतीतलं एलपीएस सुटं होऊन द्रावणात मिसळतं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरवरही भिस्त ठेवता येत नाही. जिवाणू अडकतो, सुटं एलपीएस पार होतं. ते नष्ट करायला कोरडी उष्णता लागते. काचेच्या व्हायल ओव्हनमध्ये २५० अंशांना निदान अर्धा तास ठेवतात किंवा टनेलमध्ये (सरकत्या पट्ट्याच्या भट्टीत) त्याहून जास्त तापमानाला काही मिनिटं, ते यासाठीच. व्हॅलिडेशनला मुद्दाम एन्डोटॉक्सिन लावलेल्या व्हायल घालायच्या आणि ते हजारपट उतरलं तरच टनेल पास म्हणायचा. पण औषधाचं द्रावण २५० अंशांना नेता येत नाही. त्यामुळे एन्डोटॉक्सिन एकदा द्रावणात शिरलं की बॅच गेलीच असं धरून चालायचं. सगळी राखण त्याआधीची.

हे कळायलाही वैद्यकाला बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरेतून इंजेक्शन दिलं की रोग्याला हुडहुडी भरायची आणि दोष कधी औषधाला, कधी मिठाला, कधी काचेला जायचा. १९२३ मध्ये अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट या बाईंनी दाखवलं की दोष पाण्यात आहे, आणि तोही ऊर्ध्वपातित पाण्यात. पाणी उकळताना वाफेबरोबर बारीक तुषार वर जात होते आणि त्या तुषारांतून जिवाणूंचा अंश शुद्ध पाण्यात उतरत होता. त्यांनी वाफेच्या वाटेत तुषार अडवणारा सापळा बसवला आणि ताप थांबला. तुमच्या डब्ल्यूएफआयच्या (इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या) स्टिलमध्ये वाफेतले थेंब वेगळे करणारा जो भाग आहे, त्यामागे हाच विचार आहे. याच बाईंनी पुढे क्षयाच्या मॅन्टू टेस्टसाठी लागणारं पीपीडी शुद्ध करून दिलं. आमच्या व्यवसायात त्यांचा फोटो प्रत्येक लॅबमध्ये असायला हवा, इतके त्यांचे उपकार आहेत.

आता तुझी बॅच. डब्ल्यूएफआयची मर्यादा ०.२५ ईयू (एन्डोटॉक्सिन मोजायचं एकक) प्रति मिलि. पाणी फिरवणारा पाइपचा लूप ८० अंशांच्या आसपास फिरत असेल तर लूपमध्ये सहसा काही जगत नाही. पण शुद्ध पाण्याचा थंड भाग, डेड लेग (पाणी साचून राहणारा पाइपचा तुकडा), रबरी होज, वापरात नसलेला पॉइंट, अशा जागी स्यूडोमोनास आणि राल्स्टोनियासारखे ग्रॅम निगेटिव्ह पाइपच्या आत थर धरतात. त्यांना खायला जवळजवळ काही लागत नाही. मग गरम पाण्यानं सॅनिटायझेशन होतं, थर मरतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या पाण्यात भिंतींचा लोंढा येतो. जिवंत जंतूंचा काउंट शून्य, बीईटी नापास. सॅनिटायझेशननंतर फ्लशिंग पुरेसं झालं का, ते लॉगबुकात आधी बघ.

मॅक्रोफेज

मी पुण्यात इम्युनॉलॉजी शिकवते आणि माझं संशोधन मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींवर आहे. शर्वरीचा दुसरा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिपिड ए स्वतः काहीही मोडत नाही. घटसर्पाचं विष पेशीत शिरून प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. धनुर्वाताचं विष मज्जातंतूंमध्ये जाऊन स्नायूंना सैल होऊ देत नाही. लिपिड ए यातलं काही करत नाही. ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं, हे सगळं आपलंच शरीर करतं, लिपिड ए ओळखल्यावर.

याचा पुरावा उंदरांनी दिला. सी३एच/एचईजे नावाचा प्रयोगशाळेतला एक वाण आहे. इतर उंदीर ज्या मात्रेला मरतात तेवढं, किंबहुना त्याहून कितीतरी जास्त एलपीएस टोचलं तरी या उंदरांना काही होत नाही. असं का, हे कित्येक वर्षं कोडं होतं. १९९८ मध्ये डॅलसमध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला त्याचं कारण सापडलं: टीएलआर४ नावाच्या ग्राहकाच्या (बाहेरचा रेणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाच्या) जनुकात एका अक्षराचा बदल. प्रथिनात ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. तेवढ्यानं ग्राहक मुका झाला. एलपीएस तेच, मात्रा तीच, पण ते वाचणारं कुणी नाही म्हणून आजारही नाही. लिपिड ए मुळातच पेशीनाशक असतं तर हे उंदीर वाचले नसते.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि मला विद्यार्थ्यांना पुढचा भाग सांगायला जास्त आवडतं. याच उंदरांना एलपीएसऐवजी थोडेसे जिवंत साल्मोनेला टोचले, तर ते इतर उंदरांच्या आधी मरतात. जंतू शिरल्याची वर्दीच वेळेवर मिळत नाही. म्हणजे जो ताप आपल्याला त्रास देतो, त्याच्याच यंत्रणेवर आपण जगतो.

आता वाटेत काय घडतं ते बघू. ई. कोलायच्या लिपिड एला सहा चरबीच्या साखळ्या असतात. रक्तातलं एलबीपी हे प्रथिन एलपीएसचा एक रेणू उचलतं, सीडी१४ या प्रथिनाकडे देतं, तिथून तो एमडी२ या प्रथिनाच्या खोबणीत जातो. एमडी२ टीएलआर४ ला चिकटलेलंच असतं. खोबणीत पाच साखळ्या बसतात आणि सहावी बाहेर राहते, खिशात हात घालून अंगठा बाहेर ठेवावा तशी. हा बाहेर राहिलेला भाग शेजारच्या दुसऱ्या टीएलआर४ ला लागतो, दोन ग्राहक जोडीनं उभे राहतात आणि पेशीच्या आत संदेश सुटतो. थोड्याच वेळात मॅक्रोफेज टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ हे निरोप पोचवणारे रेणू सोडू लागतो. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचले की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. अंगात ताप चढायच्या आधी थंडी वाजते ती यामुळेच. मेंदूनं नवं तापमान ठरवलेलं असतं, शरीर अजून त्याच्या मागे असतं. पॅरासिटामॉल या प्रोस्टाग्लँडिनच्या पायरीवर काम करतं. एलपीएसला ते हातही लावत नाही.

मात्रा किती लागते? निरोगी स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत दर किलो वजनामागे २ ते ४ नॅनोग्रॅम शिरेतून देतात. तास-दीड तासात थंडी आणि डोकेदुखी, तीन-चार तासांत ताप शिगेला, मग उतार. तुमच्या फार्माकोपिआची (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाची) मर्यादा दर किलोमागे तासाला ५ ईयू आहे. १० ईयू म्हणजे साधारण १ नॅनोग्रॅम धरलं तर ६० किलोच्या माणसाला तासाला ३० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा तीन कोटीवा भाग. पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनला तर मर्यादा आणखी कडक, दर किलोमागे ०.२ ईयू. तुझी नळी एवढ्या बारीक गोष्टीवर बोट ठेवते आहे.

मग शरीर एवढं हळवं का? चार्ल्स जेनवे या इम्युनॉलॉजिस्टनी १९८९ मध्ये मांडलेला विचार मला आजही सर्वांत पटतो. रोगजंतू आपली बाहेरची प्रथिनं सारखी बदलत राहतात. पण भिंतीचा पाया त्यांना सहजी बदलता येत नाही, कारण तो बदलला तर बहुतेकांना जगणंच अवघड होतं. आणि तो पाया आपल्या शरीरात कुठेच बनत नाही. त्यामुळे प्राण्यांच्या प्रतिकारयंत्रणेनं जिवंत-मेलेला हा भेद बघितलाच नाही, भिंतीची घडण तेवढी ध्यानात ठेवली. फळमाशीत टोल नावाच्या प्रथिनाचं प्रतिकारातलं काम ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला दाखवलं. टोल बिघडलेल्या माश्या बुरशीनं मेल्या. आपला टीएलआर४ त्याच घराण्यातला. २०११ च्या नोबेलमध्ये बॉयटलर आणि हॉफमन दोघंही होते.

मी "बहुतेकांना" म्हटलं, कारण प्लेगचा जंतू अपवाद आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण अजून पुसलेली नाही. यर्सिनिया पेस्टिस पिसवेच्या अंगात, कमी तापमानाला असतो तेव्हा त्याच्या लिपिड एला सहा साखळ्या असतात. माणसाच्या ३७ अंशांत आला की तो मुख्यतः चारच साखळ्यांचं लिपिड ए बनवतो. ते टीएलआर४ ला धड ओळखता येत नाही. जंतू वाढत राहतात आणि शरीराला उशिरा जाग येते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या जंतूत ई. कोलायचं एक जनुक घालून त्याला ३७ अंशांनाही सहा साखळ्या बनवायला लावल्या. त्यानंतर तो उंदरांना मारू शकला नाही. बाकी जंतू तोच, फक्त भिंत ओळखता येऊ लागली. १८९६ ला मांडवीत आणि पुढल्या वर्षी पुण्यात जी माणसं दोन-चार दिवसांत गेली, त्यामागे या दोन नसलेल्या साखळ्यांचाही हात होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा मलाच सुन्न व्हायला होतं.

शर्वरी, तुझ्या आईला हाफकिन यांचं उदाहरण सांग. १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याला त्यांनी प्लेगची नवी लस स्वतःला टोचून घेतली. लसीत उष्णतेनं मारलेले जंतू होते, जिवंत एकही नाही. तरी त्यांना ताप आला आणि टोचलेली जागा दुखली. मेलेला जंतू काय करू शकतो ते त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलं, आणि त्याच मेलेल्या जंतूनं पुढे कितीतरी लोकांना वाचवलं.

तालुका_डॉक्टर

वरचं वाचून बाह्यरुग्ण विभागातल्या दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

एक म्हणजे सलाईनची रिअ‍ॅक्शन. सलाईन सुरू होऊन अर्धा-पाऊण तास होतो आणि पेशंट कडाकडा कापायला लागतो, खाट हलते इतका. नातेवाईक घाबरतात. सिस्टर ड्रिप बंद करते, पांघरुणं टाकते, एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट दिलं जातं. तासाभरात पेशंट घामाघूम होऊन शांत झोपतो. मग सगळे "पेशंटला सोसलं नाही" म्हणून मोकळे होतात, आणि बाटली आणि सेट कचऱ्यात जातो. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी बजावतो: बाटली, सेट, व्हेनफ्लॉन काहीही टाकायचं नाही, लॉट नंबर लिहायचा, उरलेलं द्रावण फ्रिजमध्ये ठेवायचं, औषध प्रशासनाला आणि फार्माकोव्हिजिलन्सला (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला) कळवायचं. त्याच लॉटची दुसरी बाटली दुसऱ्या वॉर्डात लावायची नाही. पेशंटची ॲलर्जी आणि बाटलीतलं एन्डोटॉक्सिन यांतला फरक बाटली हातात असेल तरच कळतो.

दुसरी गोष्ट दीड महिन्याच्या लसीची. पेंटाव्हॅलंट दिली की रात्री बाळाला ताप येतो, मांडी लाल होऊन सुजते, बाळ किरकिर करतं. आया दुसऱ्या दिवशी आशाताईंना बोलून घेतात. यातल्या डांग्या खोकल्याच्या भागात बोर्डेटेला पर्टुसिसचे अख्खे मारलेले जंतू असतात, आणि तापात त्यांच्या भिंतीतल्या एन्डोटॉक्सिनचा मोठा वाटा असतो. खासगीत "न दुखणारी" म्हणून जी महाग लस मिळते तिच्यात अख्खा जंतू नसतो, निवडक प्रथिनं असतात. ताप कमी येतो हे खरं. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेनं १९९० च्या दशकात ही लस घेतली, आणि २०१२ मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे ४८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, कित्येक दशकांतला उच्चांक. त्यामुळे ताप आला म्हणून सरकारी लस हलकी, असं कुणी म्हटलं की मी थांबून समजावतो. त्या तापातच बाळाची प्रतिकारयंत्रणा जंतूची ओळख करून घेत असते. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, अंगावर पाजत राहा. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, बाळ सुस्त वाटलं, पीत नसेल किंवा झटका आला, तर मात्र लगेच घेऊन या.

आयसीयूबद्दल थोडक्यात. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं प्रतिजैविक लिपिड एच्या फॉस्फेटलाच चिकटतं. काही जंतू तिथे आणखी एक रासायनिक गट जोडून त्याला चकवतात. एमसीआर-१ हे त्याचं एक जनुक २०१५ मध्ये जगासमोर आलं. आणि सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गानं सगळं शरीर कोसळतं तेव्हा) टीएलआर४ अडवून रोगी वाचवायचा प्रयत्नही झाला. एरिटोरान नावाच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये मृत्यू कमी झाले नाहीत. रोगी आमच्याकडे पोचतो तोवर संदेश कधीच सुटलेला असतो.

सह्याद्रीवारा

मी मेकॅनिकलवाला आहे, तरी पूर्ण वाचलं. एक शंका. आपल्या आतड्यात तर म्हणे कोट्यवधी ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू असतात. ते रोज मरतही असणार. मग आपण सगळे कायम तापानं फणफणलेले का नसतो?

मॅक्रोफेज

फार चांगला प्रश्न. उत्तराचा बराचसा भाग जागेत आहे. भिंतीचा तोच तुकडा आतड्याच्या पोकळीत असला तर एक अर्थ, शिरेत असला तर दुसरा. मधे श्लेष्माचा थर आणि घट्ट जुळलेल्या पेशी असतात. आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर लिपिड एचा फॉस्फेट काढून त्याचा जोर कमी करतं. तरी जे थोडं पलीकडे झिरपतं ते आधी यकृतात जातं आणि तिथल्या कुप्फर पेशी ते गिळतात. शिवाय आतड्यात बॅक्टेरॉइडिस गटाचे जिवाणू भरपूर असतात. त्यांच्या लिपिड एला साखळ्या चार-पाचच आणि फॉस्फेटही कमी, त्यामुळे टीएलआर४ फारसा चाळवत नाही. इंजेक्शनची सुई ही सगळी पहारेचौकी ओलांडून थेट रक्तात जाते. म्हणून पिण्याच्या पाण्याला एन्डोटॉक्सिनची मर्यादा लावत नाहीत आणि डब्ल्यूएफआयला लावतात.

फॉस्फेट काढला की जोर कमी होतो, याचा उपयोग माणसानंही केला. साल्मोनेलाच्या लिपिड एचा एक फॉस्फेट काढून एमपीएल बनवतात आणि नागिणीच्या नव्या लसीत ते सहायक म्हणून घालतात. प्रतिकारयंत्रणा जागी होते, पण अंगावर शहारा आणणारी ती दाणादाण होत नाही.

आता शर्वरीचा तिसरा प्रश्न: ग्रॅम पॉझिटिव्ह मेलेले चालतात का? मुळीच नाही. त्यांच्याकडे एलपीएस नसलं तरी पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो, २० ते ८० नॅनोमीटरचा. ग्रॅम निगेटिव्हचा थर त्यामानानं अगदी पातळ. पेप्टिडोग्लायकनमध्ये म्युरॅमिक आम्ल असतं, जे आपल्या पेशी बनवत नाहीत. अश्रू आणि नाकातल्या शेंबडातलं लायसोझाइम, जे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगाला सांगितलं, तो थर कापतं. कापलेल्या तुकड्यांपैकी म्युरॅमिल डायपेप्टाइड पेशीच्या आत असलेल्या एनओडी२ या ग्राहकाला कळतं. भिंतीतली लिपोप्रथिनं टीएलआर२ ओळखतो. एनओडी२ चे काही बदललेले प्रकार ज्यांच्यात असतात त्यांना क्रोन्स हा आतड्याचा आजार व्हायचा धोका वाढतो, हे २००१ मध्ये कळलं. म्हणजे इथेही वाचता न येणं महागात पडतं.

आणि तुझ्या कामाशी थेट संबंध असलेली घटना अशी. २००१ ते २००३ च्या दरम्यान पोटातून डायलिसिस घेणाऱ्या दीडशेहून जास्त रुग्णांना पोटाच्या आवरणाचा दाह झाला. बाहेर आलेलं द्रावण गढूळ, पोटात दुखणं, पण कल्चरमध्ये काही वाढेना. द्रावण आयकोडेक्स्ट्रिनचं, मक्याच्या स्टार्चपासून बनवलेलं. ते निर्जंतुक होतं आणि फार्माकोपिआच्या एन्डोटॉक्सिन चाचणीतही पास होतं. शेवटी शोध लागला तो पेप्टिडोग्लायकनचा. अलिसायक्लोबॅसिलस नावाचा, उष्णता आणि आम्ल दोन्ही सोसणारा ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू उत्पादनाच्या वाटेत कुठेतरी वाढला होता आणि मरून भिंत सोडून गेला होता. एलएएल चाचणीला (बीईटीत लावतात तीच) ते दिसणं शक्यच नव्हतं, ती एलपीएस शोधते. मानवी पांढऱ्या पेशींवर द्रावण घालून आयएल-६ मोजल्यावर प्रकार उघड झाला. मोनोसाइट अ‍ॅक्टिव्हेशन टेस्टमागचं तत्त्व हेच. युरोपीय फार्माकोपिआनं ती टेस्ट स्वीकारली, आणि सशांना टोचून ताप मोजायची जुनी चाचणी २०२४ मधल्या निर्णयानं आपल्या मजकुरांतून काढून टाकली. मला या निर्णयाचा मनापासून आनंद झाला. ज्या पेशींना औषध मिळणार त्यांनाच विचारणं अधिक खरं आहे.

जाता जाता, शर्वरी पुढे संशोधनात गेली तर उपयोगी पडेल असं एक. ई. कोलायमध्ये बनवलेलं कुठलंही प्रथिन मॅक्रोफेजवर टाकून "प्रथिनानं टीएनएफ वाढवला" असं लिहायच्या आधी ते प्रथिन उकळून पाहायचं. उकळल्यावर प्रथिन निकामी होतं, एलपीएस होत नाही. उकळल्यावरही पेशी तितक्याच खवळल्या तर श्रेय प्रथिनाचं नाही. दुसऱ्या प्लेटमध्ये पॉलिमिक्सिन बी घालायचं, ते लिपिड एला बांधून ठेवतं. हीट शॉक प्रथिनं टीएलआर४ ला जागं करतात असं एकेकाळी बरंच छापून आलं होतं. त्यातला बराचसा परिणाम एलपीएसच्या भेसळीचा होता, असं नंतर निघालं.

शर्वरी_क्यूसी

सगळ्यांचे मनापासून आभार. हाफकिन यांची गोष्ट आईला सांगितली. तिनं लगेच माझ्या लहानपणच्या त्रिगुणी लसीनंतरच्या तापाची आठवण काढली, आणि डॉक्टरांचा प्रतिसाद तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लावला.

काका, लॉगबुक पाहिलं. बॅचच्या आदल्या दिवशी सॅनिटायझेशन झालं होतं, पण फ्लशिंगची नोंद व्यवस्थित आहे आणि युजर पॉइंटचे त्या दिवशीचे निकालही मर्यादेत आहेत. द्रावण मात्र या वेळी नव्या डेप्थ फिल्टरमधून (जाड थराच्या गाळणीतून) गेलंय. त्याचा काही संबंध असेल का?

जुना_प्लांटवाला

असू शकतो, आणि हे तू आधी लिहायला हवं होतंस. फिल्टर सेल्युलोजचा आहे का ते बघ.

कारण सांगतो. बीईटीत वापरतो ते लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींचं. फ्रेडरिक बँग यांनी अमेरिकेत वूड्स होलला पाहिलं आणि १९५६ मध्ये मांडलं की ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू टोचले की या प्राण्याचं निळं रक्त गोठतं. १९६४ मध्ये जॅक लेव्हिन आणि त्यांनी दाखवलं की त्याला एन्डोटॉक्सिन पुरतं. या प्राण्याकडे अँटिबॉडी नाहीत. भिंत ओळखायची आणि तिच्याभोवती रक्त गोठवून जंतू अडकवायचा, हाच त्याचा बचाव. मॅडमनी सांगितलेली ओळख तिकडेही आहे, फक्त आपल्याला ताप येतो आणि त्याचं रक्त गोठतं. पण त्या रक्तात दोन वाटा आहेत. फॅक्टर सी हे प्रथिन एन्डोटॉक्सिननं चाळवतं. फॅक्टर जी बीटा ग्लुकननं, म्हणजे बुरशीच्या भिंतीतल्या साखरेनं. सेल्युलोजच्या फिल्टरमधूनही असं ग्लुकन सुटतं. जेल दोन्हीनं सारखीच होते, नळीकडे बघून फरक कळत नाही.

म्हणून राखीव नमुना ग्लुकन ब्लॉकिंग बफरमध्ये लावून बघ, क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) लेखी परवानगी घेऊन आणि पॉझिटिव्ह प्रॉडक्ट कंट्रोलसकट (मुद्दाम एन्डोटॉक्सिन घातलेल्या नमुन्यासकट). रिकॉम्बिनंट (जनुकावरून प्रयोगशाळेत बनवलेल्या) फॅक्टर सीची किट मिळत असेल तर तीही लाव. तिच्यात फॅक्टर जी नसतोच, त्यामुळे ग्लुकनचा प्रश्न येत नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी ते जनुक वेगळं करून दिलं, म्हणून आता खेकड्याचं रक्त न काढताही ही चाचणी होते. युरोपात आणि अमेरिकेत फार्माकोपिआनं तिला जागा दिली आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर या प्राण्याच्या दोन जाती आहेत, त्यांच्यासाठीही हे बरं झालं.

नमुना काचेच्या डीपायरोजनेटेड (कोरड्या उष्णतेनं एन्डोटॉक्सिन नष्ट केलेल्या) नळीतच घे. पॉलिप्रॉपिलीनला एन्डोटॉक्सिन चिकटून राहतं आणि निकाल खोटा खाली येतो. लावायच्या आधी चांगलं व्हॉर्टेक्स कर (यंत्रावर घुसळून घे). ब्लॉकर घालूनही जेल झाली तर ग्लुकनची शक्यता सोडून दे. मग फिल्टर लावण्याआधी कशानं आणि किती धुतला, धुतल्यानंतर तो ओला किती वेळ राहिला, आणि होल्डिंग टँकमध्ये द्रावण किती तास पडून होतं, या तीन नोंदी काढ. मला कळव.